‘किती टक्के चान्स आहे?’ : परदेशी प्रवेशाच्या सल्लागारांना खुले पत्र

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या सर्व सल्लागार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तुमच्यातल्या काही जणांशी फोनवर बोलणं झालेलं आहे, बाकीच्यांना मी तुमच्या फायलींवरून ओळखते. सप्टेंबर उजाडला की बारावीची मुलं शिफारसपत्र मागायला स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. हल्ली मागे आईवडीलही असतात आणि त्यांच्या हातात तुमची स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल. पहिल्या पानावर मुलाचा फोटो, दुसऱ्या पानावर तक्ता : हार्वर्ड १८ टक्के, स्टॅनफर्ड २२ टक्के, कॉर्नेल ४५ टक्के. खाली बारीक अक्षरात एक ओळ : ‘पहिल्या वर्षी न झाल्यास दुसऱ्या वर्षी ट्रान्स्फर, शक्यता ३५ टक्के.’

हे पत्र त्या तक्त्याबद्दल आणि विशेषतः त्या बारीक ओळीबद्दल आहे.

हार्वर्ड स्वतःचे आकडे जाहीर करतं. २०२४ साली तिथे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार मिळाला. म्हणजे शंभरात चारही नाहीत. स्टॅनफर्डला त्याच वर्षी ५७,३२६ अर्ज, २,०६७ होकार. गणित तेच. मग तुमच्या तक्त्यात १८ आणि २२ कुठून आले? तुमच्याकडच्या एका ताईंनी मला सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये सॅटचा (तिकडच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर आणि दहावी-अकरावीचे मार्क टाकले की टक्केवारी निघते. मुलाचा सॅट १५४०, म्हणजे ‘हार्वर्डच्या रेंजमध्ये’. बरोबर आहे, तिथे प्रवेश मिळालेल्यांतल्या मधल्या निम्म्यांचे स्कोअर साधारण १५०० ते १५८० असतात. पण नकार मिळालेल्या हजारो मुलांचे स्कोअरही त्याच पट्ट्यात असतात, आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसतं.

पालक हे आकडे निमूटपणे मान्य का करतात, ते मी समजू शकते. आपल्याकडे प्रवेश म्हणजे कटऑफ. सीईटीच्या कॅप राउंडला कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच, कुठल्या प्रवर्गासाठी कितव्या पर्सेंटाइलला बंद झाली, हे छापील मिळतं. आयआयटीसाठी जोसाचे (जागावाटप करणाऱ्या यंत्रणेचे) ओपनिंग आणि क्लोजिंग रँक मिळतात. गेल्या वर्षीचा तक्ता काढायचा, आपल्या मुलाचा नंबर त्यात शोधायचा, आणि थोडं खालीवर धरून चालायचं. या पद्धतीचे दोष मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतात, कारण त्या मुलांना मी रोज बघते. पण एक गोष्ट खरी, की त्या तक्त्यावरून अंदाज बांधता येतो. तुम्ही तुमचा तक्ता मुद्दाम त्याच साच्यात बनवता, आणि पालकांना वाटतं की हाही तसलाच.

तो तसला नाही, हे न्यायालयात सादर झालेल्या कागदांवरून दिसतं. हार्वर्डविरुद्धचा ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संघटनेचा खटला २०१८ मध्ये बॉस्टनला चालला. पुढे २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत बंद केली, ती बातमी आपल्याकडेही गाजली. पण त्या खटल्यात एरवी कुलपात राहणारे कागद बाहेर आले, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. खेळासाठी हेरून बोलावलेल्या मुलांना होकार मिळण्याचं प्रमाण ८६ टक्के. माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं, देणगीदारांशी संबंध म्हणून ‘डीनच्या यादीत’ असलेली मुलं, यांचे दरवाजे वेगळे. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या दरवाजाने आत आलेली होती, असं त्याच कागदांवर काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं. म्हणजे ते ३.६ टक्के सगळ्यांना सारखे वाटलेले नसतातच. कोथरूडच्या एखाद्या मुलाचे आईवडील हार्वर्डचे नाहीत आणि तो तिथल्या संघासाठी होडी वल्हवणार नाही. त्याच्या वाट्याला येणारा आकडा त्या सरासरीच्या खालचाच असणार. (मुंबईच्या जिमखान्यांत स्क्वॉश खेळणाऱ्या काही घरांना खेळाचा दरवाजा ठाऊक आहे. त्यांना तुमची फाइल लागत नाही.)

पैशांचाही असाच प्रकार. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी थोडी नावं सोडली, तर परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की नाही, हे प्रवेश ठरवताना बघितलं जातं. स्टॅनफर्डमध्येही बघितलं जातं. हे तुम्हाला पाठ आहे. तरी तुमच्या तक्त्यात मदत मागणारा आणि पूर्ण फी भरणारा, दोघांना एकच टक्केवारी. त्याहून वाईट तो सल्ला : ‘अर्जात मदत मागू नका, पहिलं वर्ष कसंबसं भरा, मग बघू.’ स्टॅनफर्डसारख्या अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच मदत मागितली नाही, तर पुढे मागताच येत नाही. वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या पुढे गेलेला असताना फ्लॅट गहाण टाकून पहिलं वर्ष काढलेल्या घराने दुसऱ्या वर्षी काय करायचं? उलट हार्वर्डने २०२५ मध्ये जाहीर केलं की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरांपर्यंत आहे, त्यांना शिक्षणशुल्कापासून राहण्या-जेवणापर्यंत काही पडणार नाही. रुपयांत ते ८० लाखांच्या वर जातं. आमच्या कॉलेजातली जवळजवळ सगळी घरं त्यात बसतात. हे वाक्य मला तुमच्या एकाही फायलीत सापडलं नाही. १८ टक्के मात्र प्रत्येक फायलीत.

आता ती बारीक ओळ.

‘आत्ता मिळेल तिथे जा, एका वर्षाने ट्रान्स्फर घेऊन आयव्हीत.’ (आयव्ही म्हणजे हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट.) हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलंय की ते तुमच्या सेमिनारमधूनच येत असणार. ट्रान्स्फर म्हणजे मागचा दरवाजा, पुढच्यापेक्षा थोडा सैल, अशी समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात हार्वर्ड वर्षाला साधारण डझनभर मुलांना ट्रान्स्फरने घेतं. साऱ्या जगातून. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्स्फर घेणंच थांबवलं होतं. २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा १,४२९ अर्ज आले, १३ जणांना होकार मिळाला आणि ९ जण दाखल झाले. टक्क्यात मांडलं तर एकही पूर्ण टक्का होत नाही. आणि दार पुन्हा उघडलं तेही मुख्यतः सैन्यातून परतलेल्यांसाठी, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आणि कम्युनिटी कॉलेजातून (म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. प्रभात रोडवरून निघून ओहायोच्या एखाद्या विद्यापीठात एक वर्ष काढलेल्या मुलाची वाट बघत ते बसलेले नाहीत.

कारण समजायला सोपं आहे. ट्रान्स्फरची जागा निर्माण व्हायची तर आधी कुणीतरी जागा सोडायला हवी. हार्वर्डमध्ये पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे फारसं कुणी सोडतच नाही. वसतिगृहातल्या खाटा मोजक्या. पनवेल लोकलमध्ये वाशीला सीट रिकामी होईल या आशेवर उभं राहण्यात तरी अर्थ असतो, कारण वाशीला लोक उतरतात.

म्हणून ट्रान्स्फर हा शब्दच टाकून द्या, असं मी म्हणत नाही. जिथे तो खरा आहे, तिथलं तुम्ही सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. कॉर्नेल आयव्हीतलं असूनही वेगळं आहे. त्याची काही कॉलेजं न्यूयॉर्क राज्याच्या पैशावर चालतात, राज्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांशी त्यांचे करार आहेत, आणि दरवर्षी तिथे शेकड्यांनी ट्रान्स्फर होतात. काही अर्जदारांना तर पहिल्याच वेळी नकाराऐवजी पत्र येतं की एक वर्ष दुसरीकडे शिका, अमुक ग्रेड आणा, मग या. तुमच्या तक्त्यात कॉर्नेलचे ४५ टक्के लिहिलेत, पण या सोयीबद्दल अक्षर नाही.

आणि कॅलिफोर्निया. तिथे ट्रान्स्फर ही मेहेरबानी नाही, ती यंत्रणाच तशी बांधली आहे. १९६० च्या राज्याच्या उच्चशिक्षण आराखड्यापासून कल्पना अशी की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचं. डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड या सहा ठिकाणी तर ठरलेले विषय आणि ठरलेली ग्रेड असेल तर प्रवेशाची लेखी हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस (यूसीएलए) आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत, तरी यूसीएलएला ट्रान्स्फरचा अर्ज करणाऱ्या साधारण चारांत एकाला होकार मिळतो. पहिल्या वर्षाच्या प्रवेशात ते प्रमाण दहातही एक नाही. परदेशी विद्यार्थ्यालाही या वाटेने जाता येतं. सांता मोनिका कॉलेज, फूटहिल, डी अँझा ही नावं तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांना चांगली माहीत आहेत. डी अँझा तर कूपर्टिनोतच आहे, आणि तिथले आपलेच लोक मुलांना सुट्टीत एखादा विषय करायला तिथे धाडतात.

पण यातही मेख आहे. यूसीएलएला ट्रान्स्फरने जाणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त मुलं कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजातली असतात. म्हणजे ‘आधी एखाद्या चांगल्या राज्य विद्यापीठात जा आणि मग यूसीएलए’ हा तुमचा सल्ला बरोबर उलटा आहे. ज्या कॉलेजाचं नाव लग्नाच्या बायोडेटात लिहायला पालकांना संकोच वाटेल, तिथूनच वाट सोपी आहे. शिवाय परदेशी मुलाला कॅलिफोर्नियात आर्थिक मदतीची आशा जवळजवळ नाही आणि बाहेरच्यांची जादा फी भरावी लागते. हे दोन्ही समोर ठेवून घराने ठरवावं. अमुक इतके टक्के, असं सांगून ठरवू नये.

इथल्या कॉलेजातून तिकडे ट्रान्स्फर, हा आणखी एक प्रकार तुम्ही विकता. दोन वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी, आता इंजिनिअरिंगला आहे, फेब्रुवारीत माझ्याकडे एक कागद घेऊन आला. मिड-टर्म रिपोर्ट. प्रत्येक विषयापुढे आत्तापर्यंतची ग्रेड आणि त्या विषयाच्या शिक्षकाची सही. त्याच्या कॉलेजात सेमिस्टरची परीक्षा विद्यापीठ घेतं, तिचा निकाल अजून लागायचा होता, आणि मधल्या ग्रेड नावाची वस्तूच तिथे अस्तित्वात नाही. तो ऑफिसच्या खिडकीवर गेला तर क्लार्कने कागद उलटापालटा करून विचारलं, ‘म्हणजे बोनाफाइड पाहिजे का?’ मग एचओडींकडे. ते म्हणाले, आम्ही तोंडी ग्रेड देत नाही. मग कुणीतरी सांगितलं, जुन्या कॉलेजच्या मॅडमची सही चालेल. ती चालत नाही. अर्जाची मुदत १ मार्च होती. तुमच्या ऑफिसने त्याच्याकडून सहा विद्यापीठांची फी घेतली होती, आणि हा कागद लागतो हे त्याला जानेवारीअखेरीस सांगितलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या ग्राफिक्स आणि वर्कशॉपचे किती क्रेडिट तिकडे धरले जातील, हे तर त्याने विचारलंही नव्हतं, आणि तुम्ही सांगितलंही नव्हतं.

शिफारसपत्रांचं बोलते, कारण तो माझा प्रांत. आमच्याकडची निम्मी मुलं इंटिग्रेटेड बॅचची असतात. हजेरीपटावर आमच्याकडे, दिवसभर क्लासमध्ये. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पहिल्यांदा चेहरा दिसतो. आणि कॉमन ॲपच्या (अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जाच्या) फॉर्मवर मला विचारलेलं असतं की वर्गातल्या चर्चेतला सहभाग, लेखनाची गुणवत्ता, अपयश आल्यावरचं वागणं, यात हा विद्यार्थी कुठे बसतो : सरासरी, चांगला, वरच्या १० टक्क्यांत, वरच्या ५ टक्क्यांत, की तुमच्या साऱ्या नोकरीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक. ‘सांगता येत नाही’ असाही एक रकाना आहे. ज्याला मी ओळखत नाही, त्याच्यापुढे मी तिथेच खूण करते. त्यावर तुमच्या ऑफिसातून फोन येतो की ‘मॅडम, सगळीकडे शेवटचा रकाना भरा, बाकीचे सगळे भरतात.’ काही वेळा पत्रच तयार येतं, वर्डची फाइल, खाली माझं नाव. एकदा दोन मुलांची पत्रं एकसारखी आली होती. नाव बदललं होतं, पण इंग्रजी सर्वनामं काही ठिकाणी बदलायची राहिली होती, त्यामुळे एका मुलीबद्दल मी दोन परिच्छेद ‘शी इज’ आणि तिसऱ्यात ‘ही इज’ असं लिहिलेलं होतं. शिवाय पत्र पाहण्याचा आपला हक्क सोडल्याचं मुलाने त्याच अर्जात लिहून दिलेलं असतं, आणि तरी तुम्ही माझ्याकडे प्रत मागता. देणार नाही. पुन्हा मागू नका.

निबंधांबद्दल थोडक्यात. पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते तेव्हा एक दिवस दिवेघाटात जाऊन फोटो काढायचे आणि ‘वारीने मला काय शिकवलं’ लिहायचं, हे आता पुरे. दरवर्षी अकरावीत सात-आठ जणांच्या स्वतःच्या सामाजिक संस्था निघतात आणि बारावीचा निकाल लागला की बंद पडतात. २०१९ मध्ये अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या प्रवेश-सल्लागाराचं प्रकरण फुटलं, खोटे खेळाडू आणि फिरवलेले पेपर निघाले, तेव्हापासून तिकडचे लोक अशा गोष्टी जरा जास्तच बारकाईने बघतात.

आता पैशाचा मुद्दा. तुमच्यातले काही जण ‘फ्री काउन्सेलिंग’ची पाटी लावतात. फुकट कसं परवडतं, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने प्रवेशागणिक दलाली देण्यावर बंदी घातली, पण अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला त्यातून सूट दिली. त्यामुळे तिकडची अनेक विद्यापीठं आपल्याकडच्या एजंटला प्रत्येक मुलामागे रक्कम देतात. यात बेकायदा काही नाही. हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड तुम्हाला दलाली देत नाहीत, ती त्यांना गरजेची नाही. मग तक्त्यात वर हार्वर्ड-स्टॅनफर्ड आणि खाली ‘सेफ’ म्हणून जी चार नावं असतात, ती कशी निवडली जातात? आणि ‘आत्ता इथे जा, मग ट्रान्स्फर’ यातलं ‘इथे’ कुठलं असतं? मला संशय आहे, आणि तो चुकीचा असेल तर दूर करणं तुमच्या हातात आहे.

सरसकट सगळ्यांना एका पंक्तीला बसवायचं नाही मला. एका सल्लागार बाईंनी गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थिनीला फी परत केली आणि सांगितलं की तुला भौतिकशास्त्रच करायचंय ना, मग आधी आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची सरकारी संस्था) बघ, अमेरिका पीएचडीला आहेच. ती मुलगी आज पाषाणच्या आयसरमध्ये आहे. त्यांचं नाव मी त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही, पण त्या हे वाचतील.

माझं मागणं फार नाही. अमेरिकेतली बहुतेक नामांकित विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज जाहीर करतात. त्यातल्या ‘सी’ विभागात पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचे आकडे असतात, मार्क, निबंध, शिफारस, माजी विद्यार्थ्यांशी नातं यांना किती महत्त्व देतात त्याचा रकाना असतो, आणि ‘डी’ विभागात ट्रान्स्फरचे अर्ज किती, होकार किती, दाखल किती, हे सरळ लिहिलेलं असतं. तुमच्या फायलीतला टक्केवारीचा तक्ता काढा आणि त्या जागी ही दोन पानं लावा. इंग्रजी समजत नसेल त्या पालकांना मराठीत समजावून सांगा, त्यासाठीच तर ते तुम्हाला पैसे देतात. आणि ऑफिसच्या बाहेरच्या फ्लेक्सवर ज्या मुलांचे फोटो आहेत, त्यांच्याखाली त्या वर्षी तुमच्याकडून तिथे एकूण किती अर्ज गेले तो आकडाही छापा. गेल्या वर्षी एकाच मुलीचा फोटो मी कर्वे रस्त्यावर तीन वेगवेगळ्या फ्लेक्सवर पाहिला. तिने स्वतः मला सांगितलं की त्यातल्या एका ठिकाणी ती फक्त सॅटची मॉक टेस्ट द्यायला गेली होती.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे अकरावी-बारावीच्या पालकांची सभा असते. परदेशी प्रवेशावर एक तास ठेवावा, असं मी प्राचार्यांना सुचवलंय आणि त्यांनी मान्य केलंय. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. तीन आकडे लिहून आणावेत : गेल्या तीन वर्षांत तुमच्यामार्फत या नामांकित विद्यापीठांत किती अर्ज गेले, किती होकार आले, आणि ज्या मुलांना तुम्ही ट्रान्स्फरचं सांगून पाठवलंत त्यांतली किती आज तिथे पोहोचली आहेत. सोबत, कुठल्या विद्यापीठांकडून तुम्हाला दलाली मिळते त्यांची यादी. बोलायला प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतील. स्टॉल लावता येणार नाही आणि माहितीपत्रकं वाटता येणार नाहीत. चहा कॉलेजतर्फे.

आपली,
एक रसायनशास्त्राची शिक्षिका, पुणे